‘खात्री आहे’ ते ‘खात्री केली आहे’: दिंडोरीतल्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्ष बागायतदारांचा एक गट आहे. थॉमसन आणि सोनाका या जाती, ऑक्टोबर छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि जमेल तेवढा माल न्हावा शेवा बंदरातून युरोपला, असा त्यांचा शिरस्ता. मी या गटाच्या नोंदी आणि प्रशिक्षणाचं काम पाहते. पुढे लिहिलेलं प्रकरण याच गटात एका हंगामात घडलं. संबंधितांनी लिहायला परवानगी दिली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ज्यांच्या बागेत हे घडलं त्यांना गटात सगळे नाना म्हणतात, इथेही नानाच म्हणू.

नाशिकच्या द्राक्षाला युरोपात जायचं तर प्लॉटची नोंदणी लागते आणि काढणीआधी त्या प्लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत ही साखळी नोंदलेली असते, त्यामुळे खोक्यावरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. तपासणीत कीडनाशकाचा अंश, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘रेसिड्यू’ म्हणतात तो, मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर प्लॉट युरोपसाठी बाद. ज्या औषधाला तिकडे मान्यता नाही, त्याची मर्यादा साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते. हा आकडा कागदावर वाचून पुढे जाण्यासारखा नाही. एक टन द्राक्षांत मिळून १० मिलिग्रॅम. एकराला दहा टन निर्यातीचा माल धरला, तर अख्ख्या एकराच्या मालात मिळून ०.१ ग्रॅम.

नाशिकच्या बागायतदारांना याचा दणका २०१० मध्ये बसला होता. क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं संजीवक. त्याचे अंश युरोपात सापडले आणि इथून गेलेला माल तिकडे अडकला. इथे ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत तेव्हा ते नव्हतंच. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ होते, आणि रिपोर्टमध्ये जे विचारलंच नव्हतं त्याबद्दलही सगळे निर्धास्त होते. जुने बागायतदार तो हंगाम अजून विसरलेले नाहीत. नानाही नाहीत. त्यांची फवारणीची वही गटात सगळ्यात नीट असते, आणि तरीही हे प्रकरण त्यांच्याच बागेत घडलं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी मुद्दाम काही लपवलं नाही. म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

समस्या

फेब्रुवारीच्या मध्यावर नानांच्या प्लॉटचा रिपोर्ट आला. सॅम्पल फेल. क्लोरपायरिफॉस या कीडनाशकाचा अंश मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

युरोपीय संघाने २०२० च्या सुरुवातीला या औषधाची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून द्राक्षातली त्याची मर्यादा ०.०१ वर आणली. गटाने तेव्हापासून ते पूर्ण बंद केलं आहे. नानांच्या वहीत त्याची नोंद नव्हती, खोलीत बाटली नव्हती, दुकानाच्या बिलांत नाव नव्हतं.

पण एक कागद मात्र होता. नमुना घेण्याआधी फील्डमन, म्हणजे गटाच्या बागांची पाहणी करणारा माणूस, प्रत्येक प्लॉटसाठी एक फॉर्म भरतो. त्यात छापील ओळ आहे: ‘प्रतिबंधित औषधे वापरली नसल्याची खात्री केली आहे.’ तिच्याखाली फील्डमनची सही. त्या सहीच्या आधारावर माल भरून पाठवणाऱ्या पॅकहाउसने खरेदीदाराला कळवलं होतं की अमुक तारखेला अमुक प्लॉटमधून कंटेनर भरेल. गाडी ठरली होती, मजूर ठरले होते.

संध्याकाळी गटाच्या ऑफिसात बैठक बसली. नाना उभे राहूनच बोलले. “पस्तीस वर्षं द्राक्ष करतोय. मारलं नाही म्हणजे मारलं नाही. मला खात्री आहे. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

या प्रश्नानंतर बैठक जागच्या जागी थांबली. गावात पस्तीस वर्षं बाग सांभाळलेल्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणणार? आणि ‘आहे’ म्हटलं तर पुढे विचारायचं काय?

पहिला निर्णय: भांडायचं की शोधायचं

दोन मतं लगेच पडली. प्रयोगशाळेची चूक असणार, लेखी तक्रार करू, असं काहींचं म्हणणं. नानांनी मारलं असेल आणि विसरले असतील, असं काहींच्या मनात होतं. ते बोललं कुणी नाही, पण नजरेत दिसत होतं. पहिल्या मताने चर्चा बराच वेळ खाल्ली.

कोंडी फोडली ती अक्कांनी. अक्का गटाच्या अध्यक्ष, स्वतः बाग करतात. त्या म्हणाल्या, “नाना, विश्वास तुमच्यावर आहे. खात्री पंपाची करायची आहे, पाण्याची करायची आहे, टाकीची करायची आहे. यात तुमचं नाव कुठं आलं?”

या एका बोलण्यावर मी नंतर बराच विचार केला. मराठीत विश्वास माणसावर ठेवतात आणि खात्री बहुतेक वेळा गोष्टीची करतात. ‘नानांवर विश्वास आहे’, ‘औषधाची खात्री आहे’: प्रत्यय वेगळे, रोख वेगळा. माणसाला खात्री चिकटवली की ते लागतं. ‘त्याची काही खात्री देता येत नाही’ हे वाक्य एखाद्याबद्दल उच्चारलं की त्याच्याबद्दल दुसरं काही सांगायची गरज उरत नाही. नानांनी ‘मला खात्री आहे’ म्हणून लगेच ‘विश्वास नाही का’ विचारलं, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली होती. शंका टाकीवर घ्यायची तरी ती नानांवर घेतल्यासारखी होत होती. अक्कांनी गाठ सोडवली, आणि नाना खाली बसले.

निर्णय झाला: प्रयोगशाळेशी वाद नंतर, आधी नानांच्या बागेत जानेवारीपासून जे जे आलं-गेलं ते सगळं ओळीने लिहून काढायचं. माणसं, औषधं, यंत्रं, पाणी, शेजारच्या फवारण्या.

खात्री कुठून कुठे गेली

यादी करताना एक नोंद निघाली जी फवारणीच्या वहीत असायचं कारण नव्हतं. जानेवारीच्या शेवटी, मण्यांत पाणी उतरत असताना, नानांचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, त्यांच्या भाच्याने नेला होता. भाच्याची बाग लोकल मार्केटची, तिथे मिलीबग ही कीड सुटली होती. त्याने क्लोरपायरिफॉस मारलं आणि दुसऱ्या दिवशी ब्लोअर परत आणून दिला. वर सांगितलं, “मामा, धुतलाय. खात्री बाळगा.” त्यानंतर नानांनी त्याच ब्लोअरने भुरी या बुरशीच्या रोगासाठी सल्फर मारलं आणि वहीत ‘सल्फर’ लिहिलं. जे त्यांनी टाकीत घातलं ते लिहिलं. नोंद खरी होती.

भाच्याला विचारलं तेव्हा त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं. टाकीत पाणी भरलं, ढवळलं आणि खालचा कॉक उघडून सोडून दिलं. म्हणजे टाकी धुतली होती. ते पाणी पंपातून, पाइपातून, नोझलमधून गेलंच नव्हतं.

इथे थोडा हिशेब करणं भाग आहे. २० टक्के तीव्रतेचं औषध लिटरला २ मिली या प्रमाणात घेतलं तर तयार द्रावणाच्या एका लिटरमध्ये ०.४ ग्रॅम मूळ औषध असतं. पंप, पाइप, गाळणी मिळून पाच लिटर द्रावण अडकून राहिलं असं धरा. झाले २ ग्रॅम. एकराच्या मालाची मर्यादा ०.१ ग्रॅम. यातलं बरंचसं पानांवर, जमिनीवर पडणार आणि काही दिवसांत बरंचसं विरणारही, पण मर्यादा ओलांडायला यातला लहानसा हिस्साही पुरतो. शिवाय हे तेलकट औषध. रबराच्या पाइपला आणि गाळणीच्या जाळीला धरून बसतं.

आता ही खात्री एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी गेली ते पाहू. भाचा म्हणाला, खात्री बाळगा. त्यावरून नानांना खात्री झाली. फील्डमनने फोनवर विचारलं, “नाना, बंद औषध काही मारलं नाही ना?” नाना म्हणाले, “खात्री आहे.” फील्डमनने सही केली, ‘खात्री केली आहे’. आणि पॅकहाउसने खरेदीदाराला खात्री दिली. तपासणी मुळात एकच, तीही अर्धी: टाकीत एकदा पाणी फिरवलं एवढीच. पण प्रत्येक माणसापाशी क्रियापद बदललं, आणि प्रत्येक बदलाबरोबर वाक्याचं वजन वाढलं.

मराठीत खात्री हा शब्द बोलताना क्रियापदाचा आधार घेऊन येतो आणि खरा अर्थ त्या क्रियापदात बसलेला असतो. ‘मला खात्री आहे’ या रचनेत बोलणारा काही करत नाही. मला भूक आहे, मला ताप आहे, मला आठवण आहे, त्याच साच्यातलं हे वाक्य. मनाची एक अवस्था सांगितली, एवढंच. ‘माझी खात्री पटली’ म्हटलं की बाहेरून काही आलेलं असतं: कुणाचा शब्द, एखादा अनुभव, एखादा पुरावा, आणि मन त्याला राजी झालं. ‘मी खात्री केली’ यातच फक्त कुणीतरी उठून गेलेलं असतं, झाकण उघडलेलं असतं, डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘खात्री दिली’ म्हणजे आता समोरच्याने माझ्या शब्दावर पुढचं पाऊल टाकायचं. ती हमीच्या अगदी शेजारी जाऊन बसते. आणि ‘खात्री बाळगा’ हे तर ऐकणाऱ्याला प्रेमाने सांगणं आहे की तुम्ही आता पाहायला जाऊ नका. भाच्याने ते मामाची काळजी मिटावी म्हणूनच म्हटलं होतं.

खातरजमा हा या शब्दाचा भाऊबंद. खातिर हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, त्याचा अर्थ मन, चित्त. खातरजमा म्हणजे मुळात चित्त एका जागी येणं, निर्धास्त होणं. आज सरकारी पत्रात ‘खातरजमा करावी’ असं आलं की तपासून पाहा असा त्याचा अर्थ होतो. मनाच्या स्वस्थतेपासून तपासणीपर्यंत हा शब्द सरकत आला, आणि दोन्ही अर्थ खात्रीच्या अंगात अजून शाबूत आहेत. म्हणून बोलणारा एक अर्थ घेऊन बोलतो आणि ऐकणारा दुसरा घेऊन जातो, आणि दोघेही भाषेच्या दृष्टीने बरोबर असतात.

फील्डमनच्या प्रश्नातला ‘ना’ही पाहण्यासारखा आहे. ‘मारलं नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच घालून दिलेलं असतं. त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं आणि सभ्यही. तसंच ‘नक्की ना?’ हे. ‘नक्की काय मारलं?’ यातला नक्की तपशील मागतो, ‘नक्की ना?’ यातला नक्की दिलासा मागतो. हंगामात एका फील्डमनच्या अंगावर इतके प्लॉट असतात की दिलासा मिळाला की तो पुढचा नंबर फिरवतो. त्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. फॉर्मवर त्याच्यासाठी एकच छापील वाक्य होतं, आणि फोनवर ऐकलेलं आणि बांधावर पाहिलेलं यांत फरक करायला त्या कागदावर जागाच नव्हती.

पटलेली खात्री आणि केलेली खात्री

ब्लोअरची गोष्ट कळल्यावर बैठकीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण सापडलं, आता पुढचं बोला, असा सूर लागला. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं, कारण आमची खात्री फक्त पटली होती. गोष्ट जुळत होती, तारखा जुळत होत्या. पण जुळणारी गोष्ट ऐकून मन राजी होण्याची सवयच तर या प्रकरणाच्या मुळाशी होती.

तपासायची एक वाट होती. पाइपात अडकलेलं द्रावण सगळ्यात आधी बाहेर येतं. म्हणजे नानांनी सल्फरची फवारणी ज्या ओळींपासून सुरू केली, तिथल्या घडांवर अंश जास्त असणार आणि शेवटच्या ओळींत जवळजवळ नसणार. औषध शेजारच्या फवारणीतून वाऱ्याने आलं असतं तर ते बांधाकडच्या ओळींत दिसलं असतं. नानांच्या प्लॉटमध्ये फवारणी विहिरीच्या बाजूने सुरू होते आणि शेजाऱ्याचा बांध बरोबर उलट टोकाला आहे, त्यामुळे दोन्ही शक्यता वेगळ्या करता येत होत्या. गटाने खर्च करून दोन नमुने स्वतंत्र तपासायला दिले: एक विहिरीकडचा, एक बांधाकडचा.

विहिरीकडच्या नमुन्यात अंश आधीच्या रिपोर्टपेक्षाही जास्त निघाला. बांधाकडच्या नमुन्यात काही आढळलं नाही.

नानांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या बैठकीतला आवाज आता नव्हता. “म्हणजे माझ्याच हातानं मारलं,” म्हणाले. अक्का म्हणाल्या, “हातानं मारलं, मनानं नाही. वही तशीच राहू द्या. खाली एक ओळ वाढवा.” नानांनी त्या दिवशीच्या नोंदीखाली लिहिलं: ‘ब्लोअर बाहेर गेला होता. नोझलपर्यंत धुतला नव्हता.’

मालाचं काय करायचं: पर्याय

हे चालू असताना घड वेलीवरच होते, साखर भरत होती, आणि ढगाळ हवामानाचा अंदाज आला होता. अवकाळीने काढणीला आलेल्या मण्यांना तडे जातात, हे नाशिकला सांगायला नको. म्हणून मालाचा निर्णय लांबवता येत नव्हता.

वाट पाहून पुन्हा नमुना द्यावा, हा पहिला विचार. अंश दिवसांगणिक कमी होतो हे खरं, पण इतक्या खालच्या मर्यादेपर्यंत तो कधी उतरेल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पाऊस आला असता तर निर्यातही गेली असती आणि लोकलही.

बांधाकडचा अर्धा प्लॉट पाठवावा असंही सुचवलं गेलं. तिथे अंश नाही, मग तो माल का घालवायचा? मोह पडण्यासारखी गोष्ट होती. पण नोंदणी अख्ख्या प्लॉटची असते, नमुनाही अख्ख्या प्लॉटचा धरला जातो, आणि मजूर तोडणी करताना नेमकी कुठली ओळ कुठल्या क्रेटमध्ये गेली हे कोण पाहणार?

बेदाणा करावा, हा पर्याय सगळ्यात लवकर बाजूला पडला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं. अंश त्याच मापात उडेल असं धरता येत नाही, उलट तो दाट होण्याची भीती.

आणि एक पर्याय दबक्या आवाजात आला: नानांचा माल दुसऱ्याच्या प्लॉट क्रमांकावर काढावा. ज्याने हे म्हटलं त्याच्यावर कर्जाचा हप्ता होता आणि कंटेनर चुकला तर त्याचाही माल अडकणार होता, हे मला माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दल मी कठोर बोलणार नाही. पण कृतीबद्दल बोललंच पाहिजे. त्या एका क्रमांकामुळे जिथे पकडलं जाईल तिथे जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या मालाकडे संशयाने पाहिलं जातं. २०१० नंतर ते सगळ्यांनी भोगलं आहे. नानांनीच तो विषय बंद केला. “माझ्या बागेचा माल दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात नको,” एवढंच म्हणाले.

दुसरा निर्णय आणि कृती

नानांचा माल देशांतर्गत बाजारात द्यायचं ठरलं, पण एक अट घालून. निघालेला अंश देशातल्या मर्यादेत बसतो की नाही, हे आधी प्रयोगशाळेकडून लेखी घ्यायचं. दोघा-तिघांना ही अट जादा वाटली. लोकल मार्केटला कोण रिपोर्ट विचारतो, असं त्यांचं म्हणणं. अक्का आणि मी या अटीवर अडून बसलो. बर्लिनमध्ये द्राक्ष खाणाऱ्या पोराची काळजी घ्यायची आणि पंचवटीतल्या पोराची नाही, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. लेखी उत्तर आलं, अंश इथल्या मर्यादेच्या आत होता, मग व्यापाऱ्याशी सौदा झाला.

कंटेनर गटातल्या इतर दोन पास झालेल्या प्लॉटमधून भरायचा होता. त्याआधी एक प्रश्न विचारला गेला, जो खरं तर दरवर्षी विचारायला हवा: नानांचा ब्लोअर या हंगामात आणखी कुणी नेला होता का? एकाने नेला होता, भाच्याच्या आधी. म्हणजे त्याला धोका नव्हता. तरी त्याने आपण होऊन नमुना पुन्हा तपासायला दिला आणि तो स्वच्छ निघाला.

खरेदीदाराला काय कळवायचं, यावरही मतभेद झाले. ‘तांत्रिक कारणाने उशीर’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पॅकहाउसचा कल तिकडेच होता. शेवटी काय घडलं ते साध्या शब्दांत लिहून पाठवलं: प्लॉट तपासणीत बाद झाला, कारण शोधलं, दुसरे प्लॉट देतो, उशीर होईल. खरेदीदाराने पुढच्या कंटेनरसाठी एक जादा तपासणी मागितली आणि व्यवहार चालू ठेवला.

परिणाम

नानांना दरात मोठा फटका बसला. निर्यातीचा आणि लोकलचा भाव यांतला फरक त्यांनी एकट्याने सोसला. गटात तो वाटून घेण्याचा ठराव मांडला गेला, पण मंजूर झाला नाही. मला ते अजून खटकतं. खात्रीची साखळी सगळ्यांची होती, नुकसान मात्र एकाच कडीला झालं.

फॉर्म बदलला. ‘खात्री केली आहे’ हे छापील वाक्य काढून टाकलं. आता प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच शब्द आहेत: पाहिलं, ऐकलं, वाटतं. जे खरं असेल त्यावर खूण करायची. पाहिलं असेल तर कुणी आणि कधी, ऐकलं असेल तर कुणाकडून. पहिल्या महिन्यात फील्डमन ‘वाटतं’वर खूण करायला बिचकत होते. तिथे खूण केली तर काम अर्धवट केल्यासारखं दिसेल असं त्यांना वाटायचं. मग अक्कांनी पहिला फॉर्म स्वतःच्या बागेचा भरला आणि त्यात दोन ठिकाणी ‘वाटतं’वर खूण करून तो ऑफिसात लावून ठेवला. त्यानंतर ‘वाटतं’च्या खुणा वाढल्या, आणि फील्डमनला कुठे प्रत्यक्ष जायचं हे त्या खुणांवरून कळायला लागलं. सगळ्या प्लॉटवर जाणं त्याला शक्य नाही. जिथे कुणालाच माहीत नाही तिथे जाणं शक्य आहे.

प्रश्नही बदलले. ‘मारलं नाही ना?’ऐवजी ‘शेवटच्या तीन फवारण्या कुठल्या, कुठल्या ब्लोअरने?’ आणि ‘त्याआधी ब्लोअर कुठे होता?’ या प्रश्नांना होकार-नकार देऊन सुटता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भाच्याशी आधी बोलायला हवं होतं. बैठकीतली चर्चा गावात पोचली आणि त्याला ते चौथ्या माणसाकडून कळलं. तो कित्येक दिवस मामाच्या घरी फिरकला नाही. त्याने औषध लपूनछपून मारलं नव्हतं. यंत्र कसं धुवायचं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. आमची सगळी प्रशिक्षणं निर्यातदारांसाठी होती, आणि यंत्रं मात्र सगळ्या गावात फिरत होती. ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी फट आहे असं माझं मत आहे, आणि फॉर्म कितीही सुधारला तरी ती त्याने बुजत नाही.

ब्लोअर परत आल्याक्षणी एक प्रश्न पुरला असता: “कसा धुतला?” नानांनी तो विचारला नाही, कारण भाच्याला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं. ‘धुतला का?’ यात संशय येतो, ‘कसा धुतला?’ यात गप्पा मारता येतात. आम्ही आता प्रशिक्षणात हे प्रश्न अक्षरशः बोलून दाखवतो, दोघांना समोरासमोर उभं करून. सुरुवातीला लोक हसले. नंतर एका जावयाने सासऱ्यांना कसं विचारायचं ते आमच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

तीन रकान्यांच्या फॉर्मबद्दलही मी निर्धास्त नाही. दुसऱ्या हंगामात काही फॉर्म असे आले की सगळीकडे ‘पाहिलं’वर खूण आणि सगळ्या खुणा एकाच शाईत, एकाच घाईत. ‘पाहिलं’ हाही शब्द हळूहळू ‘खात्री केली’सारखाच पोकळ होऊ शकतो. सध्या आम्ही काही फॉर्म चिठ्ठी टाकून निवडतो आणि फील्डमनला तिथे नेऊन विचारतो, काय पाहिलं ते दाखव. चिठ्ठीत नाव आलं म्हणजे पकडलं गेलो, असं वाटू नये म्हणून पहिली चिठ्ठी नेहमी समितीतल्या कुणाच्या तरी प्लॉटची काढतात.

ब्लोअर उसना देताना लेखी चिठ्ठी घ्यावी, हा ठराव अजून अडलेला आहे. नात्यात चिठ्ठी मागायची कशी, हा आक्षेप, आणि तो मला खोटा वाटत नाही. त्याऐवजी या हंगामात एक पद्धत करून पाहत आहोत: ब्लोअर परत करणाऱ्याने धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी भरायची, गाळणी काढून घासायची, मग मालकासमोर पंप चालू करून साधं पाणी सगळ्या नोझलमधून बाहेर काढायचं, आणि हे तीन वेळा. नाना आणि त्यांचा भाचा यांनी ती पद्धत गटाला करून दाखवली.